रणगाडे पाहायला नगरला जाताना

निगडी-प्राधिकरण, चिखली, तळवडे, भोसरी, चाकण या पट्ट्यात असं घर विरळा, जिथे कुणाचाच लोखंडाशी संबंध नाही. कुणी टर्नर, कुणी फिटर, कुणी फोर्जिंगच्या हॅमरवर, कुणी वेल्ड शॉपमध्ये, कुणी क्वालिटीत गेज घेऊन उभा. अशा घरांनी एका सुट्टीत मुलाबाळांना घेऊन नगरला जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. बोलताना आपण सगळे नगरच म्हणतो, म्हणून इथेही तेच लिहितो. भारतीय लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये तिथे रणगाड्यांचं संग्रहालय उभं केलं. त्याच गावात सोळाव्या शतकातला भुईकोट किल्ला आहे आणि किल्ल्याच्या आत १९४२ च्या राजबंद्यांच्या खोल्या जपलेल्या आहेत. निगडीहून सकाळी लवकर निघालं तर दोन्ही एका दिवसात पाहून होतं.

पाहून होतं खरं, पण कसं पाहायचं हे आधी घरी ठरवलं नाही तर दिवस वाया जातो. लोक संग्रहालयात शिरतात, प्रत्येक तोफेखाली मुलांना उभं करतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात बाहेर येऊन उसाचा रस पितात. घरी आल्यावर मुलाला विचारा, काय पाहिलंस? तो म्हणतो, खूप टँक. पाटीवरची नावं, टन आणि मिलिमीटर लक्षात राहत नाहीत, राहण्याचं कारणही नाही. माझा सल्ला असा, की ही यंत्रं ज्याने बनवली त्याच्या नजरेने पाहा. हा भाग ओतलेला आहे की घडवलेला? जोड रिव्हेटचा आहे की वेल्डचा? ही प्लेट तिरकी का बसवली? आपल्या भागातल्या माणसाला हे प्रश्न शिकवावे लागत नाहीत, तो रोज तेच करतो. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला आपली जागा सापडत नाही, त्या कामगाराला नगरच्या मैदानात ती सापडते.

जाण्याआधी

लष्करी इतिहासाची ओळख करून घ्यायला आधी एक अर्धा दिवस घराजवळ काढा. मुंबई-पुणे रस्त्याने खडकीला जा. तिथे दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची दफनभूमी आणि स्मारक आहे; दुसऱ्या महायुद्धातल्याच दीड हजारांहून अधिक कबरी एकसारख्या रांगांत आहेत. दगडांवरची वयं मुलांना वाचू द्या. वीस, बावीस, एकोणीस. आवाज करू नका, कबरींच्या मधून धावू देऊ नका, इतकंच सांगायचं. पुण्यात घोरपडीजवळ दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं हे स्मारक १९९८ मध्ये खुलं झालं. नगरच्या भेटीची ही छोटी तयारी आहे. ती झाली की मुलं नगरला रिकाम्या डोक्याने उतरत नाहीत.

आणखी एक तयारी माणसांची. देहूरोडचा डेपो आणि छावणी, दापोडीचं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीचं बॉम्बे सॅपर्सचं केंद्र हे सगळं आपल्या आजूबाजूला असल्यामुळे प्राधिकरणातल्या, यमुनानगरातल्या अनेक सोसायट्यांत निवृत्त सैनिक राहतात. तुमच्या इमारतीतल्या एखाद्या सुभेदारकाकांना विचारा, येता का बरोबर? गाडीत एक जागा त्यांच्यासाठी ठेवा. फलक जे सांगत नाहीत ते हे काका सांगतात. इंजिन चालू असताना आत किती आवाज असतो, मे महिन्यात राजस्थानात झाकण बंद करून बसलं की काय होतं, साखळीची पिन तुटली तर ती रात्री वाळूत कशी बदलतात. मुलं हे ऐकताना फोन बाजूला ठेवतात.

दिवस कुठला निवडायचा? आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते. तिचा फायदा घ्या. रविवारी नगरचे, पुण्याचे आणि शिर्डीहून परतणारे असे सगळेच तिथे असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी एका रणगाड्यापुढे दहा मिनिटं उभं राहिलं तरी मागून कुणी ढकलत नाही. मुलांची एक दिवसाची शाळा बुडाली तर बुडू द्या. मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालय आणि किल्ला दोन्ही उघडे आहेत याची खात्री करून घ्या. दोन्ही ठिकाणं लष्कराच्या हद्दीत आहेत, तिथले नियम लष्कर ठरवतं आणि कार्यक्रम किंवा सरावाच्या दिवशी ते बदलू शकतात. प्रत्येक मोठ्या माणसाजवळ मूळ ओळखपत्र हवं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. ड्रोन घरीच ठेवा. कॅमेऱ्याबद्दल फाटकावर विचारा आणि मिळालेलं उत्तर पाळा.

ऋतू महत्त्वाचा. रणगाडे उघड्यावर उभे आहेत आणि उन्हाळ्यात दुपारी त्या पोलादाला हात लावता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पावसाळ्याचे उघडिपीचे दिवसही चांगले. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि बंद बूट. ज्येष्ठांसाठी घडीचं एखादं स्टूल घेतलंत तर त्यांचा दिवस सुखाचा जातो.

रस्ता. भक्ती-शक्ती चौकातून स्पाइन रोडने मोशी, तिथून चाकण, आणि चाकण-शिक्रापूर रस्त्याने नगर रस्त्याला लागायचं. मग रांजणगाव, शिरूर, सुपे, नगर. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. चाकण-शिक्रापूर हा कंटेनरचा रस्ता आहे, सकाळी सहाच्या आत त्यावरून पार झालात तर तीन तास पुरतात. आठला निघालात तर हिशोब सोडून द्या. दुसरा मार्ग आळंदी, मरकळ, लोणीकंद असा. या वाटेने कोरेगाव भीमाचा जयस्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचं ते ठिकाण, थांबून पाहण्यासारखं आहे. एसटीने जाणाऱ्यांनी वल्लभनगर किंवा वाकडेवाडीच्या स्थानकावरून नगरची गाडी पकडावी, पुढे गावात रिक्षा मिळतात.

आधी किल्ला

बहुतेक जण उलटं करतात. मुलांच्या हट्टाने आधी रणगाडे, आणि मग थकलेल्या पायांनी किल्ला. तुम्ही सकाळी किल्ल्यावर जा. ऊन कमी असतं हे एक कारण. खरं कारण असं, की रणगाड्याची अर्धी गोष्ट किल्ल्याच्या तटावरच कळते.

अहमद निजामशहाने १४९० मध्ये हे शहर वसवलं. आजचा दगडी किल्ला पुढे हुसेन निजामशहाच्या काळात, १५५९ नंतरच्या तीन-चार वर्षांत उभा राहिला. हा भुईकोट आहे. डोंगराचा आधार नाही, कडा नाही, सपाट मैदानात उभा. सिंहगड, लोहगड पाहिलेल्या आपल्या मुलांना हे लगेच खटकतं. इथे शत्रूला कोण अडवणार? उत्तर डोळ्यासमोर असतं, रुंद खोल खंदक आणि त्यामागचा तट. बाहेरूनच एक चक्कर मारा आणि मुलांना एकच गोष्ट शोधायला सांगा. या किल्ल्याला कोपरा कुठे आहे?

सापडत नाही. किल्ला जवळजवळ गोल आहे आणि बुरूजही गोल. तोफा आल्यावर कोपरा म्हणजे दुबळी जागा झाली. कोपऱ्यावर दोन बाजूंनी मारा होतो, दगड सैल होतात, आणि त्याच्या पायथ्याशी शत्रू लपला तर वरून दिसत नाही. गोल बुरुजावर गोळा आला तर बहुतेक वेळा तो तिरका लागतो आणि घसरतो. हे वाक्य मुलांच्या लक्षात राहील असं बघा, कारण दुपारी ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

तटाजवळ उभं राहून चांदबिबीची गोष्ट सांगा, पण तीही बांधकामाच्या अंगाने सांगा. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने किल्ल्याला वेढा घातला. तटाखाली सुरुंग खणले गेले. आतल्यांनी ते शोधून त्यांतली दारू काढून घ्यायचा सपाटा लावला, तरी १५९६ च्या फेब्रुवारीत एक सुरुंग उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. चांदबिबी स्वतः त्या खिंडारात उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले आणि रात्रीत ते खिंडार पुन्हा बांधून काढलं. ज्याने कधी रात्रपाळीत बंद पडलेली लाइन सकाळच्या शिफ्टआधी उभी केली आहे, त्याला त्या रात्रीचे गवंडी, बेलदार, दगड वाहणारी माणसं दिसू लागतील. इतिहासात त्यांची नावं नाहीत. मुघलांना त्या वेळी वऱ्हाड घेऊन तह करावा लागला. किल्ला त्यांच्या हाती १६०० मध्ये पडला, तोही चांदबिबीला आपल्याच माणसांनी मारल्यानंतर.

नगरची आणखी एक गोष्ट आपल्या फौंड्रीवाल्यांनी ऐकायलाच हवी. विजापूरच्या बुरुजावर पर्यटक जी प्रचंड तोफ पाहतात ती मलिक-ए-मैदान, तिचं ओतकाम नगरला झालं. १५४९ साल, कारागीर मुहंमद बिन हसन रूमी. सिंहाच्या जबड्यात हत्ती धरलेला तिचा तो मुखभाग आठवा. वजन सुमारे ५५ टन. तांबं आणि कथिल, साधारण चारास एक या प्रमाणातलं कांसं. आता विचार करा, पंचावन्न टन रस एका ओतात भरायचा तर किती भट्ट्या एकाच वेळी तयार ठेवाव्या लागल्या असतील. एखादी भट्टी मागे पडली तर थंड सांधा पडून सगळं काम भंगारात. वीज नाही, क्रेन नाही, तापमान मोजायचं यंत्र नाही. रसाचा रंग पाहून ठरवायचं. तुमच्या घरात फौंड्रीत काम केलेलं कुणी असेल तर ही गोष्ट त्यांना सांगू द्या, ते माझ्यापेक्षा चांगली सांगतील.

नाना फडणवीस याच किल्ल्यात काही काळ कैदेत होते. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातलं नगर घेतलं. ८ तारखेला पेठ शिड्या लावून काबीज केली, मग तोफा लावल्या आणि १२ तारखेला किल्ला शरण आला. चांदबिबीने महिनोन्‌महिने लढवलेली भिंत चार दिवसांत गेली. तोफ पुढे गेली आणि दगड मागे राहिला, असा याचा सरळ अर्थ.

आतल्या राजबंद्यांच्या खोल्यांना मात्र घाई करू नका. 'छोडो भारत' ठरावानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इथे आणलं गेलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, पट्टाभी सीतारामय्या आणि आपल्याकडचे शंकरराव देव. नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये इथेच पाच महिन्यांत लिहून काढलं. आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रंही याच कैदेतली. लढाईसाठी बांधलेल्या इमारतीचा शेवटचा मोठा उपयोग लिहिणाऱ्या माणसांना कोंडण्यासाठी झाला. शाळेत जाणाऱ्या मुलांना ती खोली दाखवायलाच हवी. काही कारणाने आत सोडलं नाही तर वाद घालू नका. खंदक आणि तट बाहेरूनही नीट दिसतात.

मैदानातलं पोलाद

जेवण उरकून दुपारी संग्रहालयात जा. नगरला आला आहात तर शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी मिळते का पाहा. संग्रहालय सोलापूर रस्त्याच्या बाजूला, फराहबागेजवळ आहे. झाडांमध्ये चाळीसहून जास्त रणगाडे आणि चिलखती गाड्या उभ्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून आपल्या विजयंतापर्यंत. सगळे सारख्या लक्षाने पाहू नका, ते जमत नाही. मी सांगतो त्या मोजक्यांपुढे थांबा आणि बाकीच्यांना नमस्कार करून पुढे जा.

पहिला मुक्काम माटिल्डापुढे. दुसऱ्या महायुद्धातला हा ब्रिटिश रणगाडा, पुढचं चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत जाड. त्याच्या टरेटवर, म्हणजे तोफ असलेल्या फिरत्या वरच्या भागावर, पृष्ठभाग कसा दिसतो ते पाहा. वाळूच्या साच्यातून निघालेल्या ओतीव कामाचा खरखरीतपणा ओळखता येतो का? माटिल्डाचा पहिला नमुना बनवला तो व्हल्कन फौंड्रीने. हा मुळात रेल्वेची इंजिनं बनवणारा कारखाना, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिनंही तिथलीच. जो कारखाना जाड कास्टिंग करू शकतो त्यालाच असं ओतीव चिलखत करता येतं. युद्धाच्या वेळी सरकार कुणाच्या दारात जातं, हे त्यावरून समजतं.

व्हॅलेंटाइन आणि जपानी रणगाडे पाहताना रिव्हेट शोधायला मुलांना सांगा. जपानी हलक्या रणगाड्याचं चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, म्हणजे आपल्या शॉपमधली रोजची प्लेट. रिव्हेटच्या जोडाचा दोष असा, की बाहेरून जबर मार बसला तर रिव्हेटचं डोकं तुटून आत उडतं आणि आतल्याच माणसाला लागतं. चिलखत भेदलं गेलं नाही तरी माणूस जखमी. म्हणून पुढे सगळे वेल्डिंगकडे आणि एकसंध ओतकामाकडे वळले. वेल्डर मंडळींनी शर्मनजवळ जाऊन शिवणी पाहाव्यात. जवळपास पन्नास हजार शर्मन अमेरिकेने बनवले आणि ते बनवले मोटारींच्या आणि रेल्वेच्या कारखान्यांनी. इंजिनं कमी पडली तेव्हा क्रायस्लरने मोटारीची पाच सहा-सिलिंडर इंजिनं एकत्र जोडून एका शर्मनसाठी एक इंजिन केलं, तीस सिलिंडरचं. चाकणमध्ये इंजिन असेंब्लीवर असलेल्या माणसाला याचं टायमिंग लावायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मग स्टुअर्ट. आकाराने लहान, पण आपल्या देशाच्या दृष्टीने याची गोष्ट मोठी आहे. १९४८ च्या हिवाळ्यात लडाखची वाट झोजी ला खिंडीत अडली होती. खिंड साडेतीन हजार मीटर उंचीवर. जनरल थिमय्यांनी तिथे रणगाडे न्यायचं ठरवलं. वाटेतले पूल वजन पेलणार नव्हते आणि बातमी फुटायला नको होती, म्हणून सातव्या कॅव्हलरीच्या स्टुअर्टचे टरेट उतरवले, झाकून नेले आणि पुढे पुन्हा बसवले. सॅपर्सनी वाट काढली. १ नोव्हेंबर १९४८ ला हे रणगाडे खिंडीत अचानक उभे राहिले. क्रेनशिवाय, थंडीत, टरेट उतरवणं आणि परत रेषेत बसवणं हे फिटरचं काम आहे. त्या लढाईचं श्रेय देताना मी तरी त्यांना विसरत नाही.

याच जागी रामा राघोबा राणे यांचं नाव घ्या. कारवारकडचे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवर सुरुंग पेरलेले होते. राणे रणगाड्याच्या खाली, त्याच्या बरोबरीने सरपटत पुढे गेले आणि दोरीने चालकाला खुणा करत त्यांनी रणगाडा सुरुंगांमधून नेला. त्यांना परमवीर चक्र मिळालं. मुलांना रणगाड्याखाली वाकून पाहू द्या, किती जागा आहे ते. वर चढू मात्र देऊ नका. एक तर तिथे ती परवानगी नसते, आणि पोलाद निसरडं असतं.

एएमएक्स-१३ हा फ्रेंच. याची तोफ वर-खाली होत नाही, टरेटचा वरचा अर्धा भागच तोफेसकट झुकतो. ती सांध्याची रचना जवळून पाहण्यासारखी. वजनाने हलका असल्यामुळे १९६२ मध्ये असे रणगाडे विमानाने लडाखमध्ये चुशूलला उतरवले गेले. त्याच्या आसपास पीटी-७६ असेल. हा रशियन रणगाडा पाण्यावर तरंगतो आणि मागच्या पंप-झोतांवर चालतो. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये गरीबपूरला याच पातळ पत्र्याच्या रणगाड्यांनी पाकिस्तानचे चॅफी रणगाडे अडवले.

आता सगळ्यांत जास्त वेळ द्यायची जागा. पॅटन आणि सेंचुरियन. १९६५ मध्ये पाकिस्तानकडे अमेरिकी पॅटन होते, आपल्याकडे ब्रिटिश सेंचुरियन. इथे ठेवलेले पॅटन लढाईत पकडलेले आहेत. पॅटनचा टरेट पाहा. ओतीव, कासवाच्या पाठीसारखा गोलसर, कुठेच सरळ भिंत नाही. आता मुलांना सकाळचा बुरूज आठवतो का विचारा. चारशे वर्षांनंतर, दगडाऐवजी पोलादात, कारागिराने तोच उपाय वापरला आहे. सेंचुरियनची बाजू आणि पुढची प्लेट तिरकी आहे ती त्याच कारणाने. हिशोब वहीवर करून दाखवा. ५० मिलिमीटरची प्लेट उभ्या रेषेपासून ६० अंशांनी कलती केली तर समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला १०० मिलिमीटर पोलाद आडवं लागतं. प्लेट तीच, समोरून जाडी दुप्पट. आठवी-नववीच्या मुलाला त्रिकोणमिती कशाला शिकायची हा प्रश्न पडला असेल तर उत्तर समोर उभं आहे.

तरीही पॅटन हरले. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला त्यांची रांगच्या रांग उद्ध्वस्त झाली. शेतात पाणी सोडून जमीन चिखलाची केली होती, उसात आपले रणगाडे घोड्याच्या नालासारखे पसरून बसले होते, आणि जीपवर बसवलेल्या तोफेने अब्दुल हमीद यांनी एकामागून एक रणगाडे फोडले. त्यातच ते गेले. यंत्र चांगलं असून भागत नाही, ते कुठे आणि कुणाच्या हातात आहे यावर निकाल लागतो. आपल्या शॉप फ्लोअरवरही हेच रोज दिसतं.

सेंचुरियनपुढे पुणेकरांनी आणि पिंपरी-चिंचवडकरांनी जरा जास्त थांबावं. १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिलेली, आजही पुण्याचं नाव लावणारी पूना हॉर्स ही पलटण सेंचुरियनवर लढली. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेचे विद्यार्थी, १६ सप्टेंबर १९६५ ला चाविंड्याच्या लढाईत गेले. पुण्यातच जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत गेले. वय एकवीस. नोकरीत येऊन सहा महिने झाले होते. रणगाडा पेटलेला असतानाही ते बाहेर पडले नाहीत. दोघांनाही परमवीर चक्र. खेत्रपालांचा 'फामागुस्ता' हा रणगाडा नंतर दुरुस्त करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे. संग्रहालयातल्या जवानाला त्याबद्दल विचारा, ते आपुलकीने सांगतात.

विजयंतापाशी मन भरून येतं. १९६५ मध्ये चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यातून हा बाहेर पडला. आराखडा ब्रिटनच्या विकर्सचा, पण हात आपले. परदेशी ड्रॉइंगवरून पहिला नग काढणं, मग एकेक भाग इथेच बनवायला शिकणं, ही वाट पिंपरी-चिंचवडने ट्रक, मोटारी, इंजिनं यांच्या बाबतीत चालून पाहिलेली आहे.

मुलांना काय सांगायचं

रणगाडा म्हणजे खेळणं, अशी समजूत घेऊन मुलं घरी जाऊ नयेत. काही रणगाड्यांच्या पोलादावर माराच्या खुणा दिसतात. खूण दिसली की टाळू नका. आत चार-पाच माणसं बसलेली होती, बाहेर पडायला वर एखादं झाकण, आणि इंधन पेटायला काही सेकंद, हे शांत आवाजात सांगा. पाकिस्तानच्या पॅटनमधलीही माणसंच होती. लहान मुलं घाबरत नाहीत, उलट गंभीर होतात आणि चांगले प्रश्न विचारतात. शूरांचे फोटो असलेल्या दालनात तरी रील काढायचं टाळा.

मुलाच्या हातात एक वही द्या. त्याला आवडलेल्या एकाच रणगाड्याचं चित्र, आणि त्यावर बाण काढून हा भाग कसा बनवला असेल ते लिहायचं. ओतीव, घडीव, वेल्ड, मशीनिंग. चुकलं तर बाबा किंवा आजोबा दुरुस्त करतील. कामावर बाबा नेमकं काय करतात, हे कळायची ही बऱ्याच मुलांची पहिलीच वेळ असते.

चार वाजेपर्यंत आटोपलं आणि पाय चालत असतील तर फराहबाग पाहून घ्या. निजामशाहीतला हा महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. पूर्वी भोवती पाणी होतं, मधोमध उंच घुमटाचं दालन. पडझड झाली आहे, जिने जपून चढा. पाऊण तास पुरतो. साडेपाचच्या सुमाराला नगर सोडलं तर रात्रीच्या जेवणाला निगडीत पोचता येतं, मात्र शिक्रापूरला आल्यावर चाकणच्या बाजूची दुसऱ्या शिफ्टची आणि कंटेनरची गर्दी बघून घ्या. ती जास्त असेल तर लोणीकंदपर्यंत सरळ येऊन मरकळ-आळंदीने या. अंतर थोडं वाढलं तरी डोकं शांत राहतं.